पुसट शिक्का

परवा टपाल कचेरीत शिक्क्याच्या शाईचा वास आला आणि मी मनानं थेट धुळे स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे जाऊन पडलो. शेजारी माझे चुलते नाना. घशाला कॅन्सर, दुसऱ्या दिवशी मुंबईला किरणांची तारीख, पूर्ण भाड्याला पैसे नाहीत, आणि सवलतीच्या कागदावर मुंबईच्या दवाखान्याचा शिक्का पुसट.

खिडकीतला म्हणाला, “मुंबईहून नवा शिक्का आणा, मग मुंबईचं सवलतीचं तिकीट देतो.”

मी असा ओरडलो, की चाळीसगावला उभी असलेली गाडी दचकून सुटली. नानांनी मला मागं सारलं, शर्टाचं बटण काढलं.

“साहेब, शिक्का पुसट शे, पण गाठ ठळक शे. हात लाईसन देखा.” हात लावून बघा, म्हणत त्यांनी गळा खिडकीशी नेला.

तिकीट मिळालं. हा किस्सा मी गावभर हसत सांगितला. आज चीड येते: सवलतीसाठी माणसाला गळा उघडा करावा लागला, आणि मी हसलो कसा?