कानाला न कळणारी वेलांटी

माझ्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. कात्रजला घराजवळच्या साध्या शाळेतच ती शिकली. तिच्यासाठी आठवड्यातून एकदा एक खास बाई शाळेत यायच्या. एरवी पुस्तक वाचून दाखवायचं काम माझं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडायला लाजणारी. पण टेपरेकॉर्डरपुढे कुणी नसायचं. स्वयंपाक करता करता मी धडे वाचून कॅसेट भरायचे. ती म्हणायची, "आई, तुझ्या इतिहासात लढाई रंगात आली की कुकरची शिट्टी होते."

ती पाचवीत असताना त्या बाईंनी विचारलं, हिला ब्रेल शिकवायचं का? शिकवणी लांब शहरात होती, दोन बस बदलून जावं लागणार. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, आता बोलणारे कॉम्प्युटर येतायत. ठिपके चाचपत कशाला बसवता तिला?" तेव्हा जो तो कॉम्प्युटरचंच बोलायचा. आमच्या ह्यांना पटलं, मलाही पटलं. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

दहावीला तिनं उत्तरं सांगितली आणि दुसऱ्या मुलीनं पेपर लिहिले. मार्क चांगले पडले. पुढे बोलणारा कॉम्प्युटर खरंच आला. तिची बोटं त्यावर भराभर चालायची. मग एका कंपनीत, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मराठीत उत्तरं लिहायच्या कामासाठी ती परीक्षा देऊन आली. ही नोकरी तिला फार हवी होती. चार दिवसांनी फोन आला. टायपिंग छान आहे, पण शुद्धलेखन फारच कच्चं, जमणार नाही.

मी कणीक मळत होते. ती शेजारी येऊन बसली.

"आई, 'माहिती'त वेलांट्या कुठल्या?"

"'हि'ची पहिली, 'ती'ची दुसरी."

"ऐकायला तर सारख्याच येतात. पहिली म्हणजे दिसते कशी?"

मग कणकेच्या वळ्या करून मी पोळपाटावर अक्षरं मांडली आणि तिचा हात त्यावर ठेवला. तिनं हळूहळू चाचपलं.

"पहिली अक्षराच्या आधीच असते? मी तर अक्षरानंतर टाइप करते."

"हो गं, आधीच असते."

"आणि हे मला कुणी सांगितलंच नाही."

ब्रेलमध्ये दोन्ही वेलांट्यांचे ठिपके वेगवेगळे असतात, हे मला नंतर कळलं. पाचवीतच तिच्या बोटांना ते कळलं असतं. माझ्या इतक्या कॅसेटींमधून तिच्यापर्यंत एकही वेलांटी पोचली नव्हती.

मग ती म्हणाली, "आता माझं नाव कर."

मी केलं. शेवटच्या अक्षराला दुसरी वेलांटी. त्यावर तिनं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"परीक्षेत वर नाव टाइप करायचं होतं," ती म्हणाली. "मी पहिली दिली."

कणीक सुकायला लागली होती. पोळ्या व्हायच्या होत्या, पण मला ते नाव मोडवेना.