आधी धड पाय

पालमच्या जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर लंगड्या घोड्याचा आधी धड पाय चाचपायचा. "धड गुडघा हाताला कळल्याबिगर दुखरा कळत न्हाई," म्हणायचा. कुत्र्याच्या गुडघ्याची सरकलेली वाटी तर तो मातीत फतकल मारून, पाय मांडीवर घेऊन बसवायचा. त्याचा हात लय हलका, म्हणून गावातली माणसंही मुरगळलेले गुडघे त्याच्याकडंच आणायची.

नामांतराच्या दंगलीत आमची बौद्ध वस्ती जाळली, आबांचा गुडघा काठ्यांनी फोडला. मी त्यांना पाठीवर घेऊन त्याच्या दारात गेलो. तो ओट्यावरून उठलासुद्धा नाही.

"मी जनावरांचा माणूस. माणसाचं मला जमत न्हाई," म्हणाला.

तेवढ्यात कुणाचं तरी कुत्रं लंगडत आलं. तो लगबगीनं उतरून आमच्यासमोरच मातीत बसला.

"ये राजा," म्हणाला, "आधी धड पाय दे."