फुंकणीवाले व्याही

होणाऱ्या जावयाला ऐन मंगल परिणयाच्या दिवशी, हॉलच्या दारात, चारशे पाहुण्यांदेखत नळीत फुंकायला लावणारा सासरा अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला व्याही म्हणून आला. मी खोटं बोलत नाही. खालापूरच्या हॉलपुढे आमची गाडी थांबली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माझा मुलगा खाली उतरला, बायका फुलं घेऊन सरसावल्या, आणि त्यांच्यामधून वाट काढत व्याही पुढे आले. मला वाटलं, मिठी मारणार. त्यांनी खिशातून दारू तपासायचं काळं यंत्र काढलं, त्याला नवी कोरी नळी लावली आणि मुलापुढे धरून म्हणाले, "जोरात फुंका. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही." माझ्या हातातला रुमाल गळून पडला. मुलगा बिचारा फुंकत राहिला. यंत्रावर शून्य आलं तेव्हा कुठे व्याह्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. वर मलाच समजावतात, "आत गेल्यावर पंचशील घेणार ना? मग पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, आधी तपासून घेतलेलं बरं." बौद्धाचार्यांकडेही त्यांची नजर दोनदा वळली होती, पण तिथे मात्र त्यांनी स्वतःला आवरलं. आमच्या गाडीचा ड्रायव्हर काही सुटला नाही. त्याने फुंकलं आणि यंत्र असं कोकललं की सनईवाला वाजवायचा थांबला. मग परतीच्या वाटेवर नवरानवरीची फुलांनी मढवलेली गाडी कोणी चालवली? मुलीच्या बापाने! पोरीला निरोप देताना बाप रडतात असं मी ऐकून होतो. हे गृहस्थ स्टिअरिंगवर बसून, आरशात बघत, जावयाला पट्टा बांधायला सांगत होते.

व्याह्यांचा धंदाच तो. खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या एका कारखान्यात ते सुरक्षा विभागात. कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचे ड्रायव्हर दारू किंवा आणखी काही घेऊन तर बसत नाहीत ना, हे रोज सकाळी गाडी हलायच्या आत तपासायचं. त्यातल्या दोन बसगाड्या माझ्या. दहिवलीला माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांच्याच गाड्या उभ्या राहतात, म्हणून पहाटे व्याही स्कूटरवरून आमच्याच अंगणात अवतरतात. यंत्राला ड्रायव्हर 'फुंकणी' म्हणतात. व्याह्यांचा शिरस्ता असा की पहिली फुंकर स्वतःची. सगळ्यांना रांगेत उभं करायचं, स्वतः फुंकायचं, आलेलं शून्य प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवायचं, आणि मग म्हणायचं, "चला, आता तुमी." त्यांनी उभ्या आयुष्यात कशाला तोंड लावलेलं नाही. उसाचा रससुद्धा शिळा असेल तर पीत नाहीत.

बरं, फुंकणीवर भागेल तर शपथ. अधूनमधून चिठ्ठ्या टाकून कोणाची तरी लघवी तपासायला पाठवतात, गांजा-बिंजा, झोपेच्या गोळ्या सापडतात म्हणे त्यात. माझ्याकडेही जड गाडीचं लायसन्स आहे, ड्रायव्हर आला नाही तर मीच चालवतो, म्हणून पितळेच्या तांब्यात माझ्याही नावाची चिठ्ठी. आणि एके दिवशी निघाली की हो! मला वाटलं, व्याही हळूच परत टाकतील. कसलं काय! व्याह्याने व्याह्याला शाल द्यावी, नारळ द्यावा, अगदीच नाही तर टॉवेल-टोपी द्यावी. या माणसाने माझ्या हातात झाकणाची बाटली दिली. मी आत गेलो तर स्वतः संडासाच्या दाराला पाठ लावून उभे, आणि बाहेरून आवाज, "व्याही, पाणी मिसळू नका हं. लगेच कळतं." स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी बायको आणि माझी सून, म्हणजे त्यांचीच लेक, तोंडाला पदर-ओढणी लावून हसत होत्या. लाजेने मला लघवी होईना. ते मात्र दाराबाहेर शांतपणे सुनेच्या तब्येतीची चौकशी करत होते.

अशा माणसाचा राग तरी किती करायचा? पण सुदामच्या वेळी मी केला. तो केला याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सुदाम माझ्या पहिल्या बसचा ड्रायव्हर, कडावचा. एके काळी पीत असे, आणि चांगला पीत असे. पोरगी सातवीत असताना तिने एकदा बापाला रस्त्याकडेला पडलेलं पाहिलं आणि ती शाळेतून परत न येता मामाकडे निघून गेली. सुदाम तिला आणायला गेला, बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली, आणि त्यानंतर थेंबाला शिवला नाही. पोरगी आता नर्सिंग शिकते. असा हा सुदाम गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी रांगेत उभा राहिला, फुंकला, आणि फुंकणी कोकलली. माझा कानांवर विश्वास बसेना.

"काय घेतलंस?" व्याही म्हणाले.

"औषध घेतलंय साहेब. खोकला हाय."

"कसलं औषध? कुणी दिलं?"

सुदामने एकदा आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हाय घरातलं."

"घरातलं औषध सगळेच घेतात!" रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. व्याही हसले नाहीत. त्यांनी नियम सांगितला, की चूळ भरायची, वीस मिनिटं बसायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पुन्हा फुंकायचं. पण सांगता सांगता बोलून गेले, "एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा फुंकून सुटलेला मी तरी पाहिला नाही." झालं! सुदामने गाडीची चावी माझ्या हातात आपटली. "येकदा खोटा ठरवला ना? मंग परत कशाला फुंकू? मी नाय फुंकनार!" आणि तरातरा निघून गेला. आता फुंकायला नकार म्हणजे नापास, हा त्यांचा नियम. मी व्याह्यांचे हात धरले. म्हटलं, अहो, रागात गेला तो, संध्याकाळी बोलावून घेऊ. म्हणाले, "व्याही, पन्नास माणसं बसतात गाडीत. नातं गाडीबाहेर." सुदामचं काम गेलं. मी व्याह्यांना चहा विचारायचं बंद केलं. तरी ते येतच राहिले, फुंकतच राहिले, आणि निघताना माझ्या पाठमोऱ्या शर्टाला "जयभीम, येतो" म्हणतच राहिले.

काही दिवसांनी सुदाम लायसन्सची झेरॉक्स न्यायला आला. अर्धा झालेला. मी म्हटलं, दुसरीकडे लावून देतो रे तुला. तर म्हणाला, "कामाचं काय नाय हो शेठ. कुठंबी मिळंल. पोरगी बोलत नाय. ताट वाडते आन आत जाते." औषधाचं तो बोलला ते खरं की खोटं, हे मलाही ठाऊक नव्हतं, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आणि मग हवा बदलली तशी व्याह्यांनाच खोकला झाला. आमच्या हिचा एक गुण सांगायला हवा. दहिवलीत कोणी खोकलं की ही द्राक्षासवाची बाटली घेऊन धावते. पोस्टमन सुटलेला नाही, गॅसवाला सुटलेला नाही. चहाचा बहिष्कार माझा, तिचा नव्हे. त्या सकाळी तिने व्याह्यांना मागच्या दाराशी बोलावलं आणि दोन झाकणं पाजली. व्याही तोंड पुसत अंगणात आले, रांग लावली, नेहमीप्रमाणे पहिली फुंकर स्वतः मारली.

फुंकणी कोकलली.

अहो, काय सांगू! झाडावरचा कावळासुद्धा गप्प झाला असेल. मी दात घासत होतो, ब्रश तोंडात तसाच राहिला. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायलाही घाबरले. व्याह्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग गळ्यातलं कारखान्याचं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. "मी आता ड्युटीवर नाही. नियमाप्रमाणे चालू द्या." त्यांनी चूळ भरली आणि कडक इस्त्रीच्या पँटीनिशी पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर जाऊन बसले. सूनबाई आतून धावत आली. तिने ना बापाचं तोंड हुंगलं ना काही विचारलं. सरळ सगळ्यांना म्हणाली, "मशीन बिघडलंय. दुसरं मागवा." व्याही तिच्यावरच खेकसले, "तू मध्ये बोलू नकोस! मशीन ठीक आहे." वीस मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. माझा त्यांच्यावरचा राग पार कुठल्या कुठे गेला. मला नुसतं भ्यायला झालं होतं. हाच माणूस खोटा निघाला, तर मग धरायचं कोणाला?

वेळ भरली. ते उठले, फुंकले. शून्य! ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या, एकाने तर शिट्टी मारली. तेवढ्यात आमची ही बाटली घेऊन दारात. "दादा, खोकला बसला का? आणखी दोन झाकणं देऊ?"

व्याह्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली, लेबलावरचा मद्यार्काचा आकडा वाचला, झाकण उघडून हुंगलं. मग अगदी हळू विचारलं, "विहीणबाई, हे आणखी कोणाकोणाला देता?"

"खोकला असेल त्याला. त्यात काय? औषध आहे ते. मागे सुदामला तर..." ही बोलता बोलता थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तो नापास झाला तेव्हा 'मेल्याने पुन्हा सुरू केली' म्हणून चार दिवस हळहळली होती ही बाई! पण आपल्या औषधाचा आणि फुंकणीचा काही संबंध असेल, हे तिच्या काय, कोणाच्याच ध्यानीमनी आलं नव्हतं. व्याही दगडावर परत बसले. "पाचवं शील सांभाळता सांभाळता," ते म्हणाले, "खरं बोलण्याचं चौथं माझ्या हातून गेलं, व्याही. खरं बोलणाऱ्याला मी खोटं ठरवलं."

दुपारी मी, ही आणि व्याही कडावला गेलो. मला वाटलं, माफी मागतील, कामावर बोलावतील, संपलं. सुदाम ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला. व्याह्यांनी त्याच्याआधी आत हाक मारली, "बाळ, जरा बाहेर ये गं." पोरगी आली. व्याह्यांनी फुंकणी तिच्या हातात दिली. "तू धर. आकडा तू वाच." फुंकले, शून्य. मग आमच्या हिच्याकडून बाटली घेऊन दोन झाकणं प्यायले, पुन्हा फुंकले, आणि कडावच्या त्या आळीत, शेजारपाजारचे माना उंचावून बघत असताना, जन्मात दारूला न शिवलेल्या माझ्या व्याह्यांच्या नावाने फुंकणी बोंबलली. त्यांनी चूळ भरली. "आता वीस मिनिटं," ते म्हणाले. पोरीने चहाचं विचारलं. "नको. तोंडात काही चालत नाही." वीस मिनिटं भरली. पुन्हा फुंकले. पोरीने आलेलं शून्य पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सांगितलं का नाही तुमी? कुणी दिलं ते?"

"वैनीचं नाव कसं घ्यायचं?" सुदाम म्हणाला. "साहेबांची इहीनबाई ती. चारचौघांत सांगू, का तिनं पाजलं? लोकं काय म्हनले असते?"

आमची ही रडायलाच लागली. व्याह्यांनी फुंकणीला नवी नळी लावली आणि सुदामपुढे धरली. "तुझी दुसरी चाचणी राहिलीय, सुदाम. ती झाली की मी कारखान्यातल्या साहेबांना सांगतो, चूक माझी होती."

सुदामने मान पुढे केली. पण पोरीने मध्ये हात घातला आणि ती नळी बाजूला सारली. "त्यांची चाचणी नका घेऊ," ती म्हणाली. "नको. मला नको बघायला." आणि बापाच्या खांद्यात डोकं खुपसून ती अशी रडली की मला आळीकडे तोंड फिरवावं लागलं.

आता व्याही नियम सांगणार, हे मी धरूनच चाललो होतो. ज्याने स्वतःच्या जावयाला सोडलं नाही, ज्याने मला लघवीची बाटली दिली, तो नकाराला नापास म्हणणारच. व्याह्यांनी नळी काढली, फुंकणी खिशात घातली आणि चपला शोधू लागले. मी चाट पडलो.

परतताना गाडी मी चालवत होतो. व्याही शेजारी, ही मागे बाटली मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवशीपासून सुदामने कामावर यायचं ठरलं होतं, आणि रांगेत फुंकायचंही ठरलं होतं, त्यात बदल नाही. भातखाचरांकडे बघत व्याही म्हणाले, "व्याही, असं कुणी माझ्याबद्दल म्हणेल का हो? यांची चाचणी नका घेऊ म्हणून?"

"सकाळी कोण म्हणालं?" मी म्हटलं. "मशीन बिघडलंय म्हणून? आणि तुम्ही तिच्यावर खेकसलात."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि खोकले. खोकतच राहिले, खांदे हलेपर्यंत. मागे हिने लगबगीने बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. मी आरशातून तिला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. त्या खोकल्याला औषध नको होतं.