फ्रिजात राहिलेली इंजेक्शनं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

शीतल माझी एकुलती एक लेक. पहिल्या खेपेला उलट्यांनी बेजार झाली म्हणून लवकरच आमच्याकडे पुसदला आली. तपासणीत गरोदरपणातली शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं — जेवणाआधी इंजेक्शन, ज्वारीची भाकर, जेवल्यावर थोडं चालणं. एवढं सांभाळलं की बाळ सुखरूप. बोट टोचताना पोर तोंड वाकडं करायची, पण करायची सगळं. शुगर आटोक्यातही आली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

सातव्यात सासरहून, कळंबहून, ओटीभरणाचं बोलावणं आलं. महिनाभर ठेवून घेऊ म्हणाले. सोयरीक जुळवताना विहीणबाईंनी विचारलं होतं — घरात कोणाला शुगर? मी नाही म्हटलं होतं. माझ्या आईचा पाय शुगरनंच गेला, तरी नाही म्हटलं. आता इंजेक्शनं दिसली तर? खोटी मी ठरणार होते. नाव मात्र पोरीचं पुढे केलं.

शीतलनं भरलेल्या बॅगेतून इंजेक्शनं काढून मी परत फ्रिजात ठेवली.

"तिथं काही बोलू नको, माय. बिमार पोरगी आमच्या गळ्यात मारली म्हणतीन. महिनाभरानं काय होते?"

तिनं बॅगेची चेन लावली. आईचं ऐकणार नाही तर कोणाचं?

तिकडे कौतुकानं पुरणपोळ्या झाल्या, खीर झाली. विहीणबाईंनी स्वतः भरवलं. महिना पुरा व्हायच्या आत बाळाचं हलणं थांबलं. मुलगा होता.

शुगर किती वाढली होती ते दवाखान्यात कळलं, तेव्हा विहीणबाई माझ्या गळ्यात पडल्या. "म्याच तिले गोड खाऊ घातलं, बाई. माह्याच हातानं घात झाला."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बोलले नाही. बोलता आलं असतं ना? शीतलनं तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या खेपेला ती माहेरी आलीच नाही. या वेळी शुगर निघताच तिनं सासूला सांगितलं. माझं नाही सांगितलं. विहीणबाई इंजेक्शन द्यायला शिकल्या. मुलगी झाली, धडधाकट.

बारशाला मी विहीणबाईंच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी कपाळाला लावून तो परत ताटात ठेवला. त्या दिवसापासून गोड सोडलंय, म्हणाल्या.

मी माझा खाल्ला.