उलट्या पावलांची वरात

आमच्या जठारपेठेतला एक बँडवाला वरातीत सॅक्सोफोन वाजवताना नेहमी उलटा चालतो. नाचणाऱ्यांकडे पाठ केली की सूर मरतो, असं त्याचं ठाम मत. खंजिरीच्या भजनात जॅझ मिसळायची त्याला भारी खोड. लोक हसले की म्हणतो, "हासा, पण पाय तं हालून राहिले तुमचे!"

यंदा जॅझमधल्या नव्या प्रयोगांचा पुरस्कार त्यालाच मिळाला. अमरावतीच्या सभागृहात त्यानं स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवलं, सॅक्सोफोन वाजवायला घेतला आणि सवयीनं उलटा चालत मंचामागच्या पायऱ्या उतरून थेट दाराबाहेर गेला. परीक्षकांसकट सगळे नाचत त्याच्यापाठोपाठ रस्त्यावर.

मी ओरडलो, "अरे, बक्षीस अंदरच राहून गेलं!"

"राहू दे. लोकं तं बाहीर आले ना!"