फक्त हातांचा कोर्स

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला की मला कर्वेनगरातला तो क्लास आठवतो. बारावीनंतर मला नखं सजवायचं काम शिकायचं होतं. खराडीच्या आयटी कंपन्यांतल्या मुली अशी नखं करून घेतात, हे कानावर आलं होतं. वडील सरकारी कचेरीत कारकून. ते नाही म्हणाले नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून क्लास बघायला सोबत आले. आत एसी होता, पांढरी टेबलं होती आणि भिंतभर गुलाबी रंगाच्या बाटल्या. वडिलांनी फी विचारली नाही, नोकरीचं विचारलं नाही. "पायाची नखंही करावी लागतात का?" एवढंच विचारलं. "अहो, पाय काय वेगळ्या गिऱ्हाइकाचे असतात?" क्लासच्या बाई म्हणाल्या. वडील उठलेच. मग आम्ही बिबवेवाडीला गेलो. तिथं एका फ्लॅटच्या हॉलमध्ये क्लास चालायचा, पंखा कुरकुरत होता, पण कोर्स फक्त हातांचा होता. वडिलांनी लगेच माझं नाव घातलं. परतताना बसस्टॉपवर म्हणाले, "तुझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती कुणाच्या पायाशी बसायचं नाही म्हणून. तू टेबलाशी बस, समोरासमोर." मला कर्वेनगरचा क्लास आवडला होता, पण मी बिबवेवाडीलाच जायला लागले. पायाचं काम मी पुढेही शिकले नाही. आता वडिलांना वाकता येत नाही. रविवारी ते खुर्चीत बसतात आणि मी नेलकटर घेऊन खाली. पाय ते अजून स्वतःहून पुढे करत नाहीत. मलाच ओढून मांडीवर घ्यावा लागतो.