जिजीच्या चिमटीतली साडी

कपडा हातात घेतला की जिजी त्याच्याकडे बघायचीच नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत काठ धरायची, सावकाश चोळायची, आणि नजर दुकानदाराच्या तोंडावर. मग विचारायची, "कुणाच्या हातचं हाय हे?"

घाटनांदूरला आमच्या किराणा दुकानाला लागून तिचं आणि तिच्या यजमानांचं घर होतं. खरं नाव मला फार उशिरा कळलं, ते इथं सांगून काय करायचं? सगळ्या गल्लीची ती जिजीच. ज्याच्याबरोबर बाजाराला जायचं लोक टाळतात, असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. वांगी कुठल्या मळ्यातली, तोडली कधी, हे सगळं झाल्याशिवाय जिजीच्या पिशवीत एक वांगं पडायचं नाही. पण टोपलं घेऊन उन्हात बसलेल्या बाईशी तिनं कधी घासाघीस केली नाही. पंख्याखाली बसलेल्या शेटजीला मात्र घाम फुटेपर्यंत सोडायची नाही. माझे वडील, अण्णा, स्वतः दुकानदार. जिजी दुकानाची पायरी चढताना दिसली की ते पोत्यांच्या मागं जाऊन काहीतरी शोधायला लागायचे.

कुणाच्या हातचं हे कळून तुला काय करायचंय, असं मी तिला एकदा वैतागून विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्येच्या हातचं खातो, ज्येच्या हातचं नेसतो, त्येचं नाव आपल्याला ठावं असावं, अन् आपलं त्येला. मंग दोघंबी खोटं वागत न्हाईत."

गावात तेव्हा नुकत्याच कॅरीबॅगा आल्या होत्या. रंगीत टीव्ही आले होते, आणि टीव्हीत दिसतात तसल्या झगमगीत साड्या अंबाजोगाईच्या दुकानांत लटकायला लागल्या होत्या. आम्हा पोरींना तर वेड लागायची पाळी. जिजीनं कॅरीबॅगेला शेवटपर्यंत हात लावला नाही. "गाईच्या पोटात जाती ही," म्हणायची आणि जुन्या धोतराच्या शिवलेल्या पिशव्या काढायची. त्या पिशव्यांनी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई मी लहान असतानाच गेलेली. माझी वेणी घातली ती जिजीनं, न्हाऊमाखू घातलं ते जिजीनं. म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा बस्त्याला आईच्या जागी कोण, हा प्रश्नच आला नाही. बस्ता म्हणजे लग्नाची कपडे खरेदी, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून करायची. आमच्यात रीत अशी की नवरीची साडी सासूनं पसंत करायची आणि मुलीकडच्या थोरल्या सवाशिणीनं तिला कुंकवाचं बोट लावायचं. कुंकू लागलं की ती साडी लग्नाची झाली. मग ती बदलायची नाही, परत करायची नाही. ज्या साडीला बोट लागेल तीच नेसून नवरीनं उभं राहायचं.

माझी आधी एक सोयरीक मोडली होती. त्यात माझा दोष काही नव्हता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ही दुसरी होती, धर्मापुरीची. माणसं चांगली, सासूबाई गरीब स्वभावाच्या. पण सगळा कारभार नवऱ्या मुलाच्या मामांच्या हातात. मामा म्हणजे पुढारी माणूस, दाराशी जीप. हीही सोयरीक मोडली तर पुन्हा आपल्या दारात कुणी येणार नाही, हे अण्णांनी मला सांगितलं नव्हतं. पण बस्त्याच्या सकाळी त्यांचा चहाचा कप बशीवर वाजत होता.

आम्ही एसटीनं अंबाजोगाईला गेलो. वाटेत अण्णा जिजीला पुन्हा पुन्हा विनवत होते, आज काही विचारू नका, दुकानदाराला नाही आणि मामासाहेबांना तर नाहीच. जिजी बरं म्हणाली. तिचं ते "बरं" ऐकून अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

मामा जीप लावून उभेच होते. नव्या शोरूमचा मालक त्यांच्या ओळखीचा, आधी तिकडंच जायचं असं त्यांनी ठरवून टाकलेलं. जिजी म्हणाली, "मोमीनाबादला आलो अन् माज्या माणसाला न भेटता कसं जावं?" अंबाजोगाईला ती अजून निजामाच्या वेळचं नाव घेऊनच बोलायची. तिचा माणूस म्हणजे मागच्या गल्लीतला एक विणकर. त्याच्याकडं तिनं माझ्यासाठी आहेराची साडी विणायला टाकली होती. साधी हिरवी, बारीक काठाची. जिजीनं चिमटीत धरून ती चोळली, त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, साडी धोतराच्या पिशवीत घातली. मामा बाहेर जीपचा हॉर्न वाजवत होते.

मग जेवण. मामांना नव्या हॉटेलात थंड बाटल्या मागवायच्या होत्या. जिजीनं सासूबाईंना कधी बोलण्यात गुंतवलं आणि आम्ही सगळे एका बाईच्या घरगुती खानावळीत कधी येऊन बसलो, मला अजून कळलेलं नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. जिजीनं वाढणाऱ्या बाईला आधी विचारलं, तू जेवलीस का? सासूबाई पोटभर जेवल्या. मामांनी मात्र चार घास खाऊन हात धुवायला घेतले.

"मामा," जिजी म्हणाली, "पानातलं संपवा. त्या बाईनं चुलीम्होरं बसून केलंय."

अण्णांचा घास हातातच राहिला. मामांनी एकदा जिजीकडं बघितलं, खाली मान घातली आणि उरलेली भाकरी संपवली. मला वाटलं, सुटलो. पण पुढाऱ्याला चारचौघांत खायला लावलेली भाकरी पचत नाही, हे मला तेव्हा काय माहीत.

शोरूममध्ये पांढरीशुभ्र गादी, भिंतीभर आरसे. मालकानं साड्यांचा ढीग पाडला. त्यातला एक हिरवा शालू उलगडला आणि माझा जीव त्याच्यावर जडला. काय सांगू तुम्हाला, टीव्हीतलाच! जरीचे मोर, अंगभर चमक. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, हाच. जिजीनं विचारलंच, कुणाच्या हातचा म्हणून. मालक म्हणाला, हाताचा कशाला, मशीनवरचा आहे, लांबून येतो. जिजीनं नुसती मान हलवली. अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

कुंकवाचा करंडा पुढं आला. जिजी मांडी घालून बसली होती. शालू तिच्या पुढ्यात होता, आणि त्याला लागूनच तिनं पिशवीतून काढून ठेवलेली आहेराची साडी. सासूबाईंनीच ती बघायला मागितली होती. दोन्ही हिरव्या. सासूबाई जिजीशी माझ्या आईविषयी बोलत होत्या. त्यांच्या तोंडाकडं बघत बघत जिजीनं कुंकवात बोट बुडवलं, डावा हात सवयीनं कपड्यावर फिरला, काठ चिमटीत आला आणि उजव्या हाताचं बोट टेकलं.

विणकराच्या साडीवर.

मालकानं थंड बाटल्यांचा ट्रे हातात धरला होता, तो तसाच. मामा उठून उभे राहिले. सकाळपासून बघतोय म्हणाले, ही बाई आमची अब्रू काढायलाच आली आहे. आमच्या पसंतीवर थुंकली ही. आता कुंकू पुसून दुसऱ्या साडीला लावायचं म्हणजे अपशकुन, आणि असल्या जाड्याभरड्यात आमची सून उभी राहणार नाही. बस्ता इथंच राहू द्या. त्यांनी सासूबाईंना उठायची खूण केली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. ते ती टोपी मामांच्या पायावर ठेवणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी ओरडूनच म्हणाले की मी हीच साडी नेसते, कुंकवाची.

"गप," जिजी म्हणाली. "शालू निघाल्यापासनं तुझ्या डोळ्यात काय हाय ते मला दिसतंय."

मग ती मामांकडं वळली. तिचा आवाज लहान झाला होता. तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. "चूक माजी. डोळं तिकडं हुतं, हात हिकडं गेला. ही साडी माज्या पैशाची, हिचं कुंकू बी माजं. मी घरला न्हेते. शालूला विहीणबाईंनी बोट लावावं. मंग तर अपशकुन न्हाई?"

मामांनी विचार केला. म्हणाले, ठीक. पण ह्या बाईनं लग्नाच्या मांडवात पाय ठेवायचा नाही.

अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी जिजीकडं बघितलं आणि मान खाली घातली. जिजी म्हणाली, "बरं."

साडीची घडी तिनं नीट घातली, कुंकवाची बाजू आत. सासूबाईंनी शालूला बोट लावलं. परतीच्या एसटीत जिजी खिडकीशी बसली. घर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, शालू आवडला ना?

आवडला होता. खोटं कशाला सांगू, मी तो मिरवला. सगळ्या मांडवाचे डोळे माझ्यावर होते आणि माझे दाराकडं. आमच्या मांडवापासून तिचं घर एका भिंतीवर. जेवणावळीला पत्रावळी तिनंच महिनाभर बसून लावलेल्या होत्या. त्या आल्या, ती आली नाही. वरात निघाली तेव्हा तिच्या दाराला आतून कडी होती. त्या बंद दारासमोरून जाताना मला रडू फुटलं, आणि लोक म्हणाले, पोरीला माहेर सोडवत नाही.

पुढं माहेरी गेले की मी आधी तिच्याकडं जायची. त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही. शालूची जर काळी पडली. बोहारणीनं त्याच्यावर एक पातेलं द्यायलासुद्धा तोंड वाकडं केलं. तेही मी जिजीला सांगितलं. ती पोट धरून हसली.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मामाही माझ्याबरोबर निघाले. जीप त्यांनीच चालवली. जिजीचे यजमान ओट्यावर बसून होते. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवूनच मातीला नेतात. जिजीला भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला भस्म, ओटीत खोबरं. सवाशीण गेली म्हणून अंगावर हिरवी साडी. नवीकोरी, कधी पाण्यात न घातलेली. पदराच्या काठाशी कुंकवाचं बोट तसंच होतं.

तिची सून म्हणाली, "तुमच्या लग्नाची साडी हाय ती. हिच्यातच न्या मला, असं सांगून ठिवलं हुतं त्यांनी."

मामा दारातच थांबले होते. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि जिजीच्या पायावर डोकं ठेवलं. मी तिच्याजवळ बसले. पदराचा काठ चिमटीत धरला, आणि माणसं तिला उचलायला आली तोवर तसाच धरून ठेवला.